पाण्याखालची समृद्ध हवा : लाभ किती, मर्यादा कोणत्या

(विरार येथे वसई तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



विरारच्या पश्चिमेस अर्नाळ्याचा समुद्र आहे. उत्तरेस वैतरणेचे मुख आणि दक्षिणेस वसईची खाडी, या दोहोंतून येणारा गाळ आणि भरती-ओहोटीचा मोठा जोर यांमुळे येथील पाणी बहुतेक काळ गढूळ असते. हा समुद्र मासेमारीचा आहे. हौसेने तळाशी उतरून प्रवाळ पाहण्याचा नव्हे. तथापि पाण्याखालचे पर्यटन हा विषय या भागाला परका राहिलेला नाही. सुट्टी लागली की येथील कुटुंबे कोकण रेल्वेने मालवण-तारकर्लीस जातात, गोव्यास जातात. काही अंदमानपर्यंत पोचतात. किनाऱ्यावरील तरुणांना या व्यवसायात रोजगारही दिसू लागला आहे. म्हणूनच पाण्याखाली श्वासासाठी कोणती हवा वापरतात, तिच्यात फेरफार का करतात आणि तो फेरफार कोठवर हिताचा असतो, हे शिक्षकांनी आणि पंचायतींच्या सभासदांनी जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

एक रूढ गैरसमज

पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीला आपल्याकडे सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हटले जाते. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत हा शब्द घरोघरी पोचला आणि प्राणवायू म्हणजे जीवन हे समीकरण मनात पक्के बसले. रुग्णालयापुरते ते बरोबर आहे. परंतु हौशी पाणबुड्याच्या टाकीत सर्वसाधारणपणे असते ती आपण आत्ता येथे घेत आहोत तीच हवा. फक्त ती गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू म्हणजे नायट्रोजन, सुमारे २१ टक्के प्राणवायू आणि उरलेल्या १ टक्क्यात मुख्यतः आर्गॉन असतो. शुद्ध प्राणवायूची टाकी घेऊन कोणी दहा मीटर खोल उतरला, तर तीच टाकी त्याच्या जिवावर बेतू शकते. हे विधान चमत्कारिक वाटेल. पण त्याच्या उलगड्यातच आजचा सारा विषय सामावलेला आहे.

दाबाचे गणित

समुद्रसपाटीवर आपल्या शरीरावर एक वातावरण इतका दाब असतो. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटर खोलीस आणखी एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर दोन, वीस मीटरांवर तीन आणि तीस मीटरांवर चार वातावरणे. पाणबुड्याच्या तोंडातील यंत्र त्याला भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरवते. तसे नसते तर त्याची छाती फुगलीच नसती. परिणामी तीस मीटरांवर तो प्रत्येक श्वासात पृष्ठभागाच्या चौपट हवा घेतो. नत्रवायू चौपट, प्राणवायूही चौपट. यातील पहिल्यापासून एक संकट उद्भवते आणि दुसऱ्यापासून दुसरे.

नत्रवायू शरीराच्या उपयोगी पडत नाही. तो रक्तात आणि ऊतींत नुसता विरघळून राहतो. खोली जितकी अधिक आणि मुक्काम जितका लांब, तितका त्याचा साठा मोठा. पाणबुड्या सावकाश वर आला तर हा साठा फुप्फुसांवाटे निघून जातो. तो घाईने वर आला, किंवा मर्यादेपेक्षा अधिक काळ खाली राहिला, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडताच जसे बुडबुडे उसळतात तसे बुडबुडे शरीरात निर्माण होतात. सांधे असह्य दुखतात. मज्जारज्जूस इजा झाल्यास पाय लुळे पडतात. कधी मृत्यूही ओढवतो. एकोणिसाव्या शतकात नद्यांवरील पुलांचे पाये खोदताना दाबयुक्त हवेच्या पेट्यांत उतरणाऱ्या मजुरांना हा विकार प्रथम मोठ्या संख्येने झाला. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली सुरक्षितपणे वर येण्याचे तक्ते प्रसिद्ध केले. आजचे तक्ते आणि मनगटावरील संगणकही त्याच विचारातून विकसित झाले आहेत.

समृद्ध हवा म्हणजे काय

नत्रवायू हे संकटाचे मूळ असेल, तर टाकीतील त्याचे प्रमाणच कमी का करू नये, हा विचार स्वाभाविक होता. हवेत प्राणवायूची भर घालून त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून वाढवले म्हणजे जी हवा तयार होते, तिलाच समृद्ध हवा किंवा नायट्रॉक्स म्हणतात. हौशी पाणबुड्यांमध्ये ३२ टक्के आणि ३६ टक्के प्राणवायूची दोन मिश्रणे विशेष प्रचलित आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासनाने आपल्या शास्त्रज्ञ-पाणबुड्यांसाठी १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. त्या कामात मॉर्गन वेल्स यांचा पुढाकार होता. त्याच प्रशासनातून निवृत्त झालेले डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ साली हौशी पाणबुड्यांना तिचे शिक्षण देण्यास आरंभ केला. प्रारंभी पाणबुड्यांच्या जगात या हवेला कडवा विरोध झाला. १९९०च्या दशकाच्या मध्यास मात्र मोठ्या प्रशिक्षण संस्थांनी तिचा स्वीकार केला आणि आज ती जगभर मिळते.

लाभ : एका उदाहरणाने

या हवेचा खरा लाभ एकच आहे : शरीरात नत्रवायू कमी साठतो. त्यामुळे ठरावीक खोलीवर, वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीचे थांबे न घेता, अधिक वेळ राहता येते. किंवा तेवढाच वेळ राहून धोका कमी करता येतो.

तीस मीटर खोलीचे उदाहरण घेऊ. तेथे एकूण दाब चार वातावरणे. ३२ टक्के मिश्रणात नत्रवायू ६८ टक्के, म्हणून त्याचा दाब २.७२ वातावरणे होतो. साध्या हवेत नत्रवायूचा एवढाच दाब सुमारे २४.४ मीटरांवर असतो. म्हणजे पाणबुड्या तीस मीटरांवर असूनही नत्रवायूच्या हिशेबी तो साडेचोवीस मीटरांच्या आतच आहे. हौशी पाणबुड्यांसाठी प्रचलित असलेल्या एका तक्त्यानुसार साध्या हवेवर तीस मीटरांची मर्यादा २० मिनिटे आहे, तर पंचवीस मीटरांची २९ मिनिटे. हिशेब नेहमी पुढच्या, म्हणजे अधिक खोल आकड्याशी जुळवायचा असतो. म्हणून येथे पंचवीस मीटर धरले. वीस मिनिटांची एकोणतीस मिनिटे झाली, हा लाभ लहान नाही.

परंतु हा लाभ प्रत्येकाच्या पदरात पडतो काय? बारा लिटरची टाकी २०० वातावरणांच्या दाबाने भरली तर तिच्यात सुमारे २४०० लिटर हवा मावते. त्यातील चौथा हिस्सा राखीव ठेवून १८०० लिटर वापरायला उरते. नवखा पाणबुड्या घाबरल्यामुळे मिनिटाला वीस लिटर हवा ओढत असेल, तर तीस मीटरांवर त्याला मिनिटाला ८० लिटर लागतील आणि साठा बावीस-तेवीस मिनिटांतच संपेल. २९ मिनिटांच्या मर्यादेचा त्याला काय उपयोग? शांतपणे श्वास घेणाऱ्या अनुभवी माणसाला पृष्ठभागावर पंधरा लिटर पुरत असतील, तर त्याचा साठा तीस मिनिटे चालेल. समृद्ध हवा उपयोगी पडते ती अशा माणसाला. तसेच जो दिवसातून दोन-तीन वेळा, लागोपाठ चार-पाच दिवस पाण्यात उतरतो, त्याच्या शरीरात आधीच्या फेऱ्यांचा नत्रवायू शिल्लक राहतो. त्याला ही हवा हितकारक ठरते. वाटाडे, प्रशिक्षक, शास्त्रीय सर्वेक्षण करणारे आणि पंधरा ते तीस मीटरांच्या पट्ट्यात वारंवार उतरणारे हौशी पाणबुडे हे तिचे खरे लाभार्थी होत.

मर्यादा : प्राणवायूचे विष

आता दुसऱ्या संकटाकडे वळू. दाब वाढला की प्राणवायूच विषासारखा वागू लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ सालच्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले. मेंदूवर परिणाम होऊन अपस्मारासारखे झटके येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी विस्तृत प्रयोग केले. प्राणवायू सहन करण्याची शक्ती माणसामाणसांत तर वेगळी असतेच, पण एकाच माणसात ती आज एक आणि उद्या दुसरी असते, असे त्यांना आढळले. ‘काल काही झाले नाही, म्हणून आजही होणार नाही’ हा युक्तिवाद येथे चालत नाही, तो याच कारणाने. वर उल्लेखिलेल्या हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनी त्याच युद्धकाळात दाबकक्षात स्वतःवर असे प्रयोग करून घेतले. झटक्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. हेच हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

जमिनीवर असा झटका आला तर माणूस बहुधा वाचतो. पाण्याखाली तोंडातील नळी सुटते आणि तो बुडतो. दृष्टी आकसणे, कानांत आवाज येणे, मळमळ, ओठांचे किंवा चेहऱ्याचे स्नायू फडफडणे, चिडचिड आणि चक्कर ही पूर्वलक्षणे सांगितली जातात. परंतु अनेकदा कोणतीही सूचना न मिळता थेट झटका येतो. म्हणून हौशी पाणबुड्यांसाठी श्वासातील प्राणवायूचा दाब १.४ वातावरणांपेक्षा अधिक होऊ देऊ नये असा दंडक आहे, १.६ ही केवळ आणीबाणीची कमाल मर्यादा मानली जाते.

या दंडकानुसार ३२ टक्के मिश्रणासह सुमारे ३३ मीटरांखाली जाता येत नाही आणि ३६ टक्के मिश्रणासह सुमारे २८ मीटरांखाली. शुद्ध प्राणवायू तर सहा मीटरांवरच १.६चा आकडा गाठतो. म्हणजे मिश्रण जितके समृद्ध, तितकी परवानगीची खोली कमी. ‘चांगली हवा आहे, आता आणखी खोल जाऊ’ असे ज्याला वाटेल, त्याने या हवेचा अर्थ नेमका उलटा समजून घेतला आहे. समृद्ध हवा खोली वाढवीत नाही. ती एका ठरावीक पट्ट्यातील वेळ वाढवते. साध्या हवेने चाळीस मीटरांपर्यंत, म्हणजे हौशी पाणबुड्याच्या शेवटच्या सीमेपर्यंत, प्रशिक्षित माणूस जाऊ शकतो. समृद्ध हवेने त्याला अलीकडेच थांबावे लागते.

आणखी काही भ्रम

प्राणवायू अधिक म्हणजे टाकी अधिक काळ पुरेल, असा एक समज आहे. तो खरा नाही. श्वास किती वेळा घ्यावा हे शरीर मुख्यतः साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरवते. म्हणून टाकी पूर्वीइतक्याच वेळात रिकामी होते. खोल पाण्यात नत्रवायूमुळे येणारी गुंगी या हवेने टळते, असाही समज आहे. परंतु दाबाखाली प्राणवायूही गुंगी आणणारा असावा असे मानले जाते. म्हणून त्यावर विसंबणे योग्य नाही. पाण्यातून आल्यावर थकवा कमी जाणवतो असे अनेक पाणबुडे सांगतात. त्यांचा अनुभव प्रामाणिक असेल. तथापि नियंत्रित चाचण्यांत त्याला ठोस आधार मिळालेला नाही. शेवटी, समृद्ध हवा वापरली म्हणून बुडबुड्यांचा विकार होतच नाही असे नाही. सावकाश वर येणे, पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबणे आणि नंतर विमानप्रवासापूर्वी पुरेसा काळ जाऊ देणे हे नियम जसेच्या तसे लागू राहतात. खोल फेऱ्या मारून त्याच दिवशी आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरकडे निघणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी असतो.

आपल्या किनाऱ्याचा विचार

महाराष्ट्रात हौशी पाणबुड्यांचे मुख्य केंद्र मालवण परिसर होय. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना ज्या प्राथमिक फेऱ्या घडवल्या जातात, त्या दहा मीटरांच्या आतल्या असतात. आता हिशेब करून पाहा. दहा मीटरांवर साध्या हवेची तक्त्यातील मर्यादा २१९ मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांहून अधिक आहे. टाकी मात्र तासाभराच्या आसपास संपते. जेथे मर्यादा टाकीची आहे, नत्रवायूची नव्हे, तेथे समृद्ध हवेचा एका फेरीच्या पर्यटकाला काहीच लाभ नाही. तिच्यासाठी त्याच्याकडून अधिक पैसे घेणे म्हणजे गरज नसलेले औषध विकणे होय.

याच्या उलट स्थिती अंग्रिया बँकेची. कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे हे बुडालेले पठार विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. तेथे समृद्ध प्रवाळ आहे. परंतु त्याचा उथळातला उथळ भागही सुमारे वीस मीटर खोल आहे. तेथे दिवसभर काम करणाऱ्या संशोधकाला प्रत्येक वाढीव मिनिट मोलाचे आहे आणि किनारा, रुग्णालय, दाबकक्ष सारेच दूर असल्याने विकाराचा धोका घटणेही तितकेच मोलाचे. भारतीय नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळी ठेवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. अशा योजनांबरोबर अधिक प्रशिक्षित पाणबुडे, अधिक वेळ राहण्याची इच्छा आणि पर्यायाने समृद्ध हवेची मागणीही आपल्या किनाऱ्यावर येणार, हे उघड आहे. तिच्या आधी तिची शिस्त आली पाहिजे.

शिस्त कोणती

प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला भडकावतो. तेलकट झडपेवर दाबयुक्त प्राणवायू सोडला की ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतो. म्हणून मिश्रण करणारा माणूस प्रशिक्षित हवा, साधने प्राणवायूसाठी खास स्वच्छ केलेली हवीत आणि दाबयंत्रातून येणाऱ्या हवेत तेलाचा अंश नसावा. हे काम किनाऱ्यावरच्या झापाखाली अंदाजपंचे करण्याचे नव्हे.

दुसरा नियम त्याहून साधा आणि त्याहून महत्त्वाचा. टाकी वापरणाऱ्याने तिच्यातील प्राणवायूचे प्रमाण मापकाने स्वतः तपासावे. मापक आधी साध्या हवेवर, म्हणजे २०.९ टक्क्यांवर, जुळवून घ्यावा. मग प्रमाण, त्यावरून निघणारी कमाल खोली, तारीख आणि तपासणाऱ्याची सही टाकीवरील चिठ्ठीवर लिहावी. समृद्ध हवा आणि साधी हवा दोन्ही रंगहीन व गंधहीन. चव आणि वास यांवरून फरक ओळखता येत नाही. ३६ टक्क्यांची टाकी साध्या हवेची समजून कोणी चाळीस मीटर उतरला, तर त्याच्या श्वासातील प्राणवायूचा दाब १.८ वातावरणे होईल. म्हणजे चुकलेली एक चिठ्ठी त्याचा प्राण घेऊ शकते. ‘दुकानदाराने सांगितले’ हे येथे पुरेसे नाही.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

वायूच्या चर्चेत एक गोष्ट विसरता कामा नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. त्या दुर्घटनेचा टाकीतील हवेशी काही संबंध नव्हता. नौकेची क्षमता, समुद्राची स्थिती, अंगावरचे तरंगजाकीट आणि खलाशांची दक्षता यांचे महत्त्व कोणत्याही मिश्रणाने कमी होत नाही. पायऱ्यांचा हा क्रम उलटा करून चालणार नाही : आधी नौका, मग प्रशिक्षण, मग साधी स्वच्छ हवा आणि त्यानंतर समृद्ध हवा.

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि जमीन, पाणी व हवा या तिन्ही क्षेत्रांतील उपक्रमांच्या नोंदणीची व सुरक्षिततेची चौकट घालून दिली. ती चौकट कागदावरून किनाऱ्यावर आणण्याचे काम अधिकारी आणि किनाऱ्यावरील पंचायती यांनी मिळून करावयाचे आहे. पर्यटकांना नेणाऱ्यांची नोंदणी आहे काय, प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालू आहे काय, नौकेवर प्रथमोपचारासाठी प्राणवायूचा संच आहे काय, समृद्ध हवा देत असल्यास मापक व नोंदवही आहे काय, हे विचारण्यास पदवी लागत नाही. प्राणवायू पाणबुड्याला खरोखर वाचवतो तो बहुधा अपघातानंतर, नौकेवर किंवा किनाऱ्यावर, मुखवट्यातून दिला जातो तेव्हा; हेही यानिमित्ताने ध्यानी यावे.

शिक्षकांकडे याहून मोलाचे काम आहे. दाब आणि वायूंचे विरघळणे हे धडे पाठ्यपुस्तकात असतात. सोड्याची बाटली आणि तीस मीटरांचे वरील गणित वर्गात मांडले, तर तेच धडे जिवंत होतील. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातील मुलगा उद्या मालवणात किंवा अंदमानात वाटाड्या म्हणून कामास लागेल. त्याला समुद्र घरचाच आहे, पण चौपट दाबाची हवा त्याला नवी आहे. घरच्या समुद्राचा आत्मविश्वास या नव्या गणिताच्या आड येऊ नये, एवढे त्याला शाळेतच कळले पाहिजे.

समृद्ध हवा ही विज्ञानाची एक उपयुक्त देणगी आहे. योग्य खोलीवर, प्रशिक्षित माणसाच्या हाती आणि मोजून वापरली तर ती वेळ देते व धोका घटवते. उथळ पाण्यात ती निरुपयोगी आहे आणि मर्यादेपलीकडच्या खोलीवर घातक. ज्या किनाऱ्यावर ती येईल, तेथे तिच्याबरोबर मापक, चिठ्ठी आणि ‘ही मला कशासाठी हवी?’ असे विचारण्याची सवय आली, तर आपल्या मुलांना आणि पाहुण्यांना समुद्राचा तळ निर्धास्तपणे पाहता येईल.